समुद्राच्या पातळीखाली, पुतण्याकडे

नेदरलँड्सला निघालेल्या कुठल्याही सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत होफडॉर्पचं नाव सापडायचं नाही. तिथे राजवाडा नाही, जगप्रसिद्ध चित्रांचं संग्रहालय नाही, काचेच्या छताच्या बोटीतून फिरवणारे कालवे नाहीत. स्किपोल विमानतळाच्या शेजारचं हे नोकरदारांचं गाव. विटांची एकसारखी घरं, प्रत्येक दारात माणशी एकाहून जास्त सायकली आणि आभाळात सतत कुठलं तरी विमान. आमचा पुतण्या बायको-मुलीसह इथे राहतो, एवढंच कारण आम्हा नवरा-बायकोला इथे यायला होतं आणि ते पुरेसं होतं. निघण्याआधी त्याला फोनवर बजावलं होतं, 'सुट्ट्या काढून आम्हाला हिंडवत बसू नकोस. तुमचं जे रोजचं चाललंय ते चालू दे, आम्ही त्यातच बसतो.'

अशा मुक्कामाचा व्हिसा तसा सरळ असतो. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. नातेवाइकाकडे उतरणार असाल तर यजमानाने एक हमीपत्र भरायचं, नगरपालिकेत जाऊन त्यावरची सही साक्षांकित करून घ्यायची आणि तो कागद तुमच्याकडे पाठवायचा. हॉटेलचं बुकिंग नसल्यामुळे अर्जात हा कागदच महत्त्वाचा. पुतण्याचं हमीपत्र कुरिअरने आलं, सोबत चिठ्ठी होती: 'काकू, भडंग आणि मेतकूट विसरू नका.' सांगलीचा माणूस कुठेही गेला तरी भडंग मागतोच.

आम्ही गेलो जूनमध्ये. त्यामुळे 'ट्युलिप बघितले का?' या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. ट्युलिपचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होऊन मेच्या मध्याला आटोपतो. शिवाय शेतकऱ्याला फुलाचं कौतुक नसतंच. त्याचं पीक म्हणजे जमिनीतला कंद. कंद पोसावा म्हणून तो फुलं उमलल्यावर लवकरच छाटून टाकतो. जूनमध्ये त्या शेतांत नुसती पिवळी पडत चाललेली पानं दिसतात. मला याचं वाईट वाटलं नाही. फुलं नसली की गर्दीही नसते, आणि उजेड मात्र भरपूर असतो. रात्री दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो. संध्याकाळी सहाला इथली माणसं जेवून घेतात आणि मग चार तास उन्हात बसायला, फिरायला मोकळी होतात.

स्किपोलला विमानाची चाकं टेकतात ती समुद्रसपाटीच्या तीन-साडेतीन मीटर खाली. पुतण्याचं घर त्याहूनही थोडं खाली. हे मला माहीत नव्हतं असं नाही, शाळेच्या भूगोलात असतंच ते. पण ज्या घरात आपण चपला काढून गादीवर आडवे होतो, ते घर समुद्राच्या पोटाखाली आहे म्हटल्यावर सांगलीच्या माणसाला झोप जरा जपूनच लागते. आमच्याकडे ऑगस्ट उजाडला की घराघरांतून एकच प्रश्न असतो, 'आयर्विनला किती फूट?' कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला पाण्यात होता. भिंतीवरचा तो मातकट पट्टा दोनदा रंग दिला तरी पावसाळ्यात पुन्हा उमटतो. पुतण्या त्याच घरात लहानाचा मोठा झाला, आणि आता स्वतःचं घर घेतलं ते असल्या जागी! पहिल्या दिवशी मी त्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, 'काका, संध्याकाळी जेवण झालं की फिरायला जाऊ. पाणी दाखवतो.'

त्याने दाखवलं ते असं. घरापासून सायकलने थोडं गेल्यावर रस्त्याच्या टोकाला गवताचा एक लांबलचक चढ आहे, दीड-दोन पुरुष उंच. चढ चढून वर गेलो तर पलीकडे भरलेला कालवा. त्यात शिडाची एक होडी जात होती, डेकवर एक बाई पुस्तक वाचत बसलेली. मी मागे वळून पाहिलं, तर घरांची छपरं माझ्या पायांच्या पातळीला. म्हणजे खाली अंगणात उभ्या असलेल्या माणसाला ही होडी त्याच्या डोक्यावरून जाताना दिसत असणार. कुंपण नाही, धोक्याची पाटी नाही. बांधाच्या उतारावर मेंढ्या चरत होत्या.

हा कालवा म्हणजे रिंगफार्ट. सुमारे ६० किलोमीटर लांबीचा हा गोल कालवा माणसांनी फावड्यांनी खणला, कारण त्याच्या आत आज जे काही आहे, गावं, शेतं, विमानतळ, तिथे १८५२ पर्यंत तळं होतं. साधंसुधं नव्हे, सुमारे १८,००० हेक्टरचं, हार्लेमचं सरोवर. वारा सुटला की त्याच्या लाटा मऊ काठ खात सुटायच्या. दर पिढीत तळं वाढत गेलं, आजूबाजूची गावं त्याच्या पोटात गेली. लोक त्याला पाण्यातला लांडगा म्हणत. यान आद्रियानस्झोन लेग्वाटर या पवनचक्क्यांच्या जाणकाराने १६४१ मध्येच पुस्तक लिहून सांगितलं होतं की १६० पवनचक्क्या बसवल्या तर हे तळं उपसता येईल. दोनशे वर्षं कुणी हात लावला नाही. मग १८३६ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये दोन वादळं आली. एका वादळात पाणी ॲमस्टरडॅमच्या वेशीला भिडलं, दुसऱ्यात लायडनच्या. तीन वर्षांत उपशाचा निर्णय झाला. आग दाराशी आल्याशिवाय विहीर खणायची नाही, हे सगळीकडचंच.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच क्रुकियसला गेलो. रिंगफार्टच्या काठावर, होफडॉर्पपासून जेमतेम पाच किलोमीटरवर, किल्ल्याच्या बुरुजासारखी दिसणारी गोल विटांची इमारत आहे. तळं उपसण्यासाठी तीन वाफेची पंपगृहं बांधली: लेग्वाटर, लिन्डेन आणि क्रुकियस. पहिल्या दोघांची यंत्रं पुढे बदलली गेली. क्रुकियसचं इंजिन १८४९ पासून १९३३ पर्यंत कामाला राहिलं आणि आज ते आहे तसं पाहता येतं. त्याच्या सिलिंडरचा व्यास ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट. जगातलं सगळ्यात मोठं वाफेचं इंजिन म्हणून ते ओळखलं जातं. ओतकाम झालं इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, जिथे खाणींतलं पाणी उपसण्यासाठी असली इंजिनं बनवायची सवय होती. इमारतीच्या भिंतीतून आठ दिशांना आठ लोखंडी तुळया बाहेर आलेल्या आहेत. इंजिन वर-खाली झालं की आठही तुळया एकदम वाकायच्या आणि आठ पंप एकदम पाणी उचलायचे. आता वाफ नाही, पण पाहुण्यांसाठी द्रवदाबावर तुळया हलवून दाखवतात. आवाज फार नसतो. एक संथ उसासा, थोडा खडखडाट, आणि तेवढंच सगळं पुन्हा.

तिथल्या फलकांवरचे आकडे मी आपल्या सवयीच्या मापात उतरवून घेतले. क्रुकियस मिनिटाला ३,२०,००० लिटर पाणी पाच मीटर वर उचलायचं. म्हणजे साधारण १९० क्युसेक. कोयनेच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट सुरू झालं तरी १०५० क्युसेक नदीत येतात आणि आपल्याकडे त्याची बातमीसुद्धा आतल्या पानावर लागते. म्हणजे हा उपसा काही डोळे दिपवणारा नव्हे. पण तळ्यातलं एकूण पाणी होतं सुमारे ८० कोटी घनमीटर, म्हणजे अठ्ठावीस टीएमसीच्या आसपास. वारणेवरचं चांदोली धरण ३४ टीएमसीचं. जवळजवळ एक चांदोली या तीन पंपगृहांनी, वर पडणारा पाऊस आणि खालून पाझरणारं पाणी धरून, सव्वातीन वर्षांत रिकामं केलं. रात्रंदिवस, संथ, न थांबता. १८५२ च्या जुलैमध्ये तळ उघडा पडला. तिथे आलेल्या पहिल्या शेतकऱ्यांचे मात्र हाल झाले. चिखल, रस्ते नाहीत, पटकीची साथ. किती तरी कुटुंबं पहिल्या काही वर्षांत मोडली. संग्रहालयात हा भाग थोडक्यात येतो, इंजिनाला जागा जास्त आहे. यंत्रांच्या संग्रहालयांचा हा नेहमीचा दोष.

तिथेच देशाचा एक मोठा उठावाचा नकाशा आहे, त्यात खरं पाणी सोडतात. बांध नसते तर काय झालं असतं ते दिसतं. ॲमस्टरडॅम, रोटरडॅम, आपण उभे आहोत ती जागा, सगळं हळूहळू निळं होतं. देशाचा २६ टक्के भाग समुद्रसपाटीखाली आहे. माझ्याशेजारी एक डच आजोबा नातवाला नकाशावर त्याचं घर दाखवत होते. नातू पाणी घरावर आल्यावर खूश होऊन टाळ्या वाजवत होता.

बाकी मुक्काम म्हटलं तर काहीच न करण्याचा होता. सकाळी सूनबाई नातीच्या पावावर लोणी लावून चॉकलेटचे बारीक दाणे पसरायच्या. हा इथल्या पोरांचा (आणि बापांचाही) सर्वमान्य नाश्ता. माझ्या बायकोने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, नंतर मेतकूट-भातासोबत तोही खाऊ लागली. नातीला शाळेत सोडायचं काम आम्हाला मिळालं. रिकाम्या बाटल्या आणि डबे दुकानातल्या यंत्रात टाकण्याचं काम मी मागून घेतलं. पाण्याच्या छोट्या बाटलीचे आणि शीतपेयाच्या डब्याचे १५ सेंट, मोठ्या बाटलीचे २५ सेंट परत मिळतात. यंत्र डबा गिळतं, गुरगुरतं आणि पावती देतं. त्या पावतीवर मी दुधाची पिशवी आणली की मला कमावल्यासारखं वाटायचं. प्रवासाला वेगळं तिकीट काढावं लागत नाही. बसमध्ये चढताना आणि उतरताना आपलं नेहमीचं बँकेचं कार्ड यंत्राला लावायचं. फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, आणि उतरताना लावायला विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात. ३०० क्रमांकाची बस आम्हाला आवडून गेली. हार्लेमहून होफडॉर्प, स्किपोल करत ती ॲमस्टरडॅमच्या आग्नेय टोकाला जाते आणि बराचसा रस्ता तिच्यासाठीच राखलेला आहे.

जूनच्या मध्यावर संध्याकाळी फिरताना एके दिवशी काही घरांवर झेंडे दिसले, आणि झेंड्याच्या काठीला दप्तरं लटकवलेली. मी चक्रावलो. पुतण्या म्हणाला, माध्यमिक शाळेच्या अंतिम परीक्षेचे निकाल लागलेत. पोरगं पास झालं की घरावर झेंडा आणि त्याला शाळेचं दप्तर. टक्के कुठेच लिहिलेले नव्हते. हिला ही पद्धत इतकी पटली की तिने लगेच फोटो काढून आमच्या गल्लीतल्या दहावी-बारावीच्या पोरांच्या आयांना पाठवले.

एके दिवशी टपालात पाणीमंडळाचं बिल आलं होतं. नळाच्या पाण्याचं नव्हे, त्याचं वेगळं. हे बिल पायाखालच्या आणि डोक्यावरच्या पाण्याचं. पुतण्याने ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, 'काका, माझ्या झोपेची फी ही.' देशात अशी २१ पाणीमंडळं आहेत. सरकार, प्रांत, नगरपालिका यांच्याइतकीच ती स्वतंत्र. ती स्वतः कर आकारतात, बांध आणि पंप सांभाळतात, सांडपाणी शुद्ध करतात. इकडचं मंडळ राइनलँड. त्याचे दाखले तेराव्या शतकापासून मिळतात. म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादव होते तेव्हापासून इथे लोक एकत्र येऊन कोणी किती बांध राखायचा हे ठरवत होते. दर चार वर्षांनी मंडळाची निवडणूक होते. मला खरी गंमत वाटली ती पुढची. पुतण्या अजून भारतीय पासपोर्टवर आहे, इथल्या संसदेसाठी त्याला मत नाही. पण कायदेशीर रहिवासी म्हणून पाणीमंडळासाठी आहे. मार्च २०२३ मध्ये त्याने आणि सूनबाईंनी मत दिलं. बांधाखाली जो राहतो त्याला बांधाबद्दल बोलायचा हक्क, मग तो सांगलीचा का असेना.

मंडळ करतं काय, असं विचारल्यावर तो तासभर बोलत राहिला. नोकरी बँकेतल्या संगणकांची, पण पाण्याचा विषय निघाला की हा रंगतो. पाऊस पडला की शेतातलं पाणी चरांतून कालव्यात, तिथून पंपाने उचलून रिंगफार्टमध्ये, रिंगफार्टमधून राइनलँडच्या साठवण कालव्यांत, आणि तिथून कात्वाइक, स्पार्नडाम, हाल्फवेख, खौडा इथल्या मोठ्या पंपांनी बाहेर, समुद्राकडे. तळं १८५२ ला रिकामं झालं म्हणून काम संपलं नाही. पंप बंद पडले तर तळं परत यायला लागेल. बांध पोखरणारे कस्तुरी-उंदीर आणि मोठे पाणउंदीर पकडण्यासाठी मंडळांनी पगारी माणसं ठेवलेली आहेत. वर्षभर तीच नोकरी. आणि बांध नेहमी पुरानेच फुटतो असंही नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये, होफडॉर्पपासून फार लांब नसलेल्या विल्निस गावात ऐन दुष्काळात बांध सरकला आणि रात्रीत वस्तीत पाणी शिरलं. तो बांध होता पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीचा. उन्हाळ्यात ती सुकली, हलकी झाली आणि कालव्यातल्या पाण्याने तिला ढकलून दिलं. तेव्हापासून कोरड्या उन्हाळ्यात अशा बांधांवर भेगा पडल्या आहेत का हे बघत माणसं फिरतात, आणि गरज पडली तर बांधांवर चक्क पाणी मारतात.

रविवारी आम्ही सगळे हार्लेमला गेलो. चौकातलं सेंट बाफो चर्च आणि त्यातला ऑर्गन, जो १७६६ मध्ये दहा वर्षांच्या मोत्सार्टने वाजवला होता, हे पाहून झालं. १७८४ पासून चालू असलेलं टेयलर संग्रहालय मला पुन्हा सावकाश पाहायचं आहे, तेव्हा आत्ता त्याबद्दल लिहीत नाही. परतताना मुद्दाम स्पार्नडामला वळलो, कारण बांधाच्या भोकात बोट घालून रात्रभर बसलेल्या मुलाची गोष्ट आम्ही लहानपणी ऐकलेली, आणि त्याचा पुतळा तिथे आहे. मूठभर घरांचं टुमदार गाव, कालव्याच्या दरवाजांशेजारी गुडघ्यावर बसलेला धातूचा मुलगा. पुतळा १९५० चा. गोष्ट मुळात डच नाहीच. ती मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या १८६५ च्या पुस्तकातून जगभर गेली. परदेशी पाहुणे येऊन 'तो मुलगा कुठे आहे?' असं विचारू लागले, म्हणून पुतळा उभा राहिला. पुतण्याच्या डच सहकाऱ्यांपैकी कित्येकांना ही गोष्ट माहीतच नव्हती.

शिवाय बोटाने काही होत नाही. इथले बहुतेक बांध मातीचे, तळाशी चांगलेच रुंद. पाणी बांधाच्या मधून भोक पाडून येण्याऐवजी अनेकदा खालच्या वाळूतून झिरपत येतं आणि आतल्या बाजूला जमिनीतून उकळी फुटावी तसं वर येतं, सोबत वाळू घेऊन. वाळू निघत राहिली की बांधाखाली पोकळी होते. अशा वेळी भोक बुजवायचं नसतं. त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचतात आणि कड्यात पाणी चढू देतात. आतलं पाणी उंच झालं की त्याच्या दाबाने खालचा ओढा मंदावतो, वाळू येणं थांबतं. पाणी वाहू द्यायचं, वाळू नाही. त्या पुतळ्यापेक्षा पोत्यांच्या कड्याचं शिल्प मला जास्त पटलं असतं, पण ते फोटोत चांगलं दिसलं नसतं.

शेजारच्या घरात सूरिनामच्या एक आजी राहतात. आम्ही आल्याचं कळल्यावर बशीभर बारा घेऊन आल्या. उडदाच्या पिठात अळूच्या जातीची पानं चिरून घातलेला, मधे भोक असलेला वडा, सोबत तिखटजाळ चटणी. त्यांचे पूर्वज बिहारकडचे. १८७३ मध्ये 'लल्ला रूख' हे जहाज कलकत्त्याहून मजुरांना घेऊन तिकडच्या डच वसाहतीत गेलं, आणि १९१६ पर्यंत चौतीस हजारांवर माणसं गेली. सूरिनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यातली हजारो कुटुंबं नेदरलँड्सला आली, आजी त्यातल्याच. आता या लोकांची सगळ्यात मोठी वस्ती द हेगमध्ये आहे. त्यांच्या सरनामीत आणि आमच्या तोडक्या हिंदीत गप्पा बऱ्या चालल्या. हिने बदल्यात भडंग दिलं. दुसऱ्या दिवशी आजींचा नातू रिकामा डबा घेऊन दारात उभा. परत करायला नव्हे, भरून न्यायला.

आणि मग आला तो पोहण्याच्या परीक्षेचा दिवस. आमच्या तारखा ठरवताना पुतण्याने या दिवसाचा हिशेब धरला होता, तो का ते तिथे गेल्यावर समजलं. इथे पोहण्याची अ, ब आणि क अशी तीन प्रमाणपत्रं असतात. कायद्याची सक्ती नाही, पण ज्या देशात शाळेच्या वाटेवर, अंगणामागे, बागेत सगळीकडे पाणी आहे, तिथे मूल पाच-सहा वर्षांचं झालं की आईबाप आधी पोहण्याच्या वर्गात नाव घालतात. रांग लांब असते. अ मिळवायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. आमच्या सहा वर्षांच्या नातीची ही परीक्षा.

तलावाच्या दाराशी निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवलेल्या, त्या बुटांवरून चढवून आत जायचं. आत ऊबदार दमट हवा, क्लोरिनचा वास आणि काठाच्या बाकांवर दोन-तीन पिढ्यांची गर्दी. काही आज्या फुलं घेऊन आलेल्या. मुलांची रांग आली आणि ही माझ्या कानात म्हणाली, 'अहो, यांनी कपडे का नाही बदलले?' पोरं पोहण्याच्या पोशाखावर टी-शर्ट, पँट आणि पायात बूट घालून उभी होती. तीच तर परीक्षा. कालव्यात पडणारं मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. शिट्टी वाजली, एकेकाने कपड्यांनिशी उडी मारली. टी-शर्ट पाण्यात फुग्यासारखा फुगला, बूट जड झाले, आणि तरी त्यांनी आधी जागच्या जागी पाय मारत तरंगायचं, मग पोटावर, मग पाठीवर पोहायचं, वाटेतल्या तरंगत्या अडथळ्याखालून जायचं आणि शेवटी कुणाची मदत न घेता काठावर चढायचं. आमची नात चढताना एकदा घसरली. मी अर्धा उठलो होतो. प्रशिक्षक बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, त्यांनी हात पुढे केला नाही. नातीने कोपर टेकवलं, एक पाय वर घेतला आणि पाणी गाळत उभी राहिली.

कपडे उतरवून दुसरा भाग. पाण्यात उभा सोडलेला एक जाड कापडी पडदा, त्याला पाण्याखाली भोक. उडी मारून, डोळे उघडे ठेवून, तीन मीटर पाण्याखालून पोहत त्या भोकातून पलीकडे निघायचं. बर्फाखाली किंवा बोटीखाली अडकलेल्या माणसाला उजेडाची फट शोधता यायला हवी, म्हणून. एक मुलगा पडद्याला धडकला, वर आला, नाक पुसलं. बाईंनी त्याला पुन्हा उडी मारायला सांगितलं आणि दुसऱ्यांदा तो निघाला. सगळ्या गर्दीने, ज्यांचा तो कुणीही नव्हता त्यांनीसुद्धा, टाळ्या वाजवल्या. नापास कुणी झालं नाही. मुलांना आधीच जोखून परीक्षेला बसवतात, हे पुतण्याने नंतर सांगितलं. मला ते पटलं. परीक्षा अचानक पाण्यात पडल्यावर व्हायची, ही तर नुसती साक्षीदारांसमोरची सही.

प्रमाणपत्र आणि पोहण्याच्या पोशाखावर शिवायचा बिल्ला घेऊन नात बाहेर आली. प्रथेप्रमाणे बटाट्याच्या तळलेल्या काड्या खायला गेलो, वर अंड्याचा पिवळा घट्ट सॉस. पुतण्या तिथेच मोबाइलवर पुढच्या ब वर्गाची जागा बघत होता. ब मध्ये बाह्या लांब, क मध्ये अंगात पावसाळी जाकीटही चढतं, आणि तिन्ही झाल्याशिवाय या घरात कुणी सुटकेचा श्वास सोडणार नाही, हे उघड होतं. सूनबाई म्हणाल्या, 'काका, मीपण इथे येऊन शिकले. सदतिसाव्या वर्षी.'

नातीने तोंडातलं संपवून मला विचारलं, 'आजोबा, तुमच्याकडे कुठलं आहे, अ का ब?'

मी म्हटलं, 'काहीच नाही. मी कृष्णेत शिकलो. आमच्या वडिलांनी माझ्या कमरेला वाळका भोपळा बांधला आणि घाटावरून दिलं ढकलून.'

तिने यावर बराच विचार केला. मग बिल्ला सॉसपासून लांब सरकवत म्हणाली, 'भोपळा बांधून परीक्षेला बसू देत नाहीत.'